थाळीभर पाणी

बिरसीच्या धावपट्टीजवळच्या शेडमध्ये लाकडी डबा होता. आत वैमानिकाची खुर्ची, दांडा आणि कल दाखवणारे काटे. झाकण लावलं की अंधार. खालचे हवेचे भाते फुगले की डबा विमानासारखा कलायचा. डब्यात पास झाल्याशिवाय खऱ्या विमानात बसायचं नाही, हा १९५६ सालच्या आमच्या उड्डाण-वर्गाचा नियम.

वर्गातले तिघे पास झाले; मी, उदेलाल, तीनदा नापास. चौथ्यांदा झालो असतो तर नाव कटलं असतं.

"तू उजवीकडे कलतोस," प्रशिक्षक साहेब त्यांच्या टेबलावरच्या, डब्यातल्या काट्याला जोडलेल्या काट्याकडे बघून म्हणायचे. "अंगाला काय वाटतं ते विसर. ढगात अंग फसवतं, काटा नाही."

बोलणं सोळा आणे खरं. पण काटा मधोमध आणला की खुर्ची डावीकडे कलायची, त्याचं काय? मला भयंकर राग यायचा.

घरी भाताच्या रोवण्याची तयारी चालली होती. बाबा बांधीतला, म्हणजे खाचरातला चिखल सारखा करत होते. मी सगळं सांगितलं.

"काऊन तोंड पाडून राहिलास?" ते म्हणाले. "बांधी सपाट हाय का नाही, मी कोनाले पुसतो का? पानी सोडतो."

दुसऱ्या दिवशी मी पितळी थाळी डब्यातल्या फळीवर ठेवली, तांब्याभर पाणी ओतलं, काटा मधोमध आणला आणि साहेबांना झाकण उघडायला लावलं. सगळं पाणी डाव्या काठाशी, उजवीकडे कोरडं पितळ.

साहेब उखडले. "मूर्खा! वळणाऱ्या विमानात पाणीसुद्धा फसतं!"

"खरं हाय जी. पन हा डबा उडतच नाही ना."

 साहेब स्वतः आत बसले आणि काटा मधोमध आणला. बाहेर आले तेव्हा त्यांची विजार डाव्या बाजूला ओली होती. शेडमधल्या मिस्त्रीने काट्यामागची फळी काढली. काट्याची तार वाकलेली निघाली.

"पास झालेल्या तिघांना बोलाव," साहेब हळूच म्हणाले. "वाकडं ज्यांना सरळ वाटलं, त्यांना मी पास केलं. आणि तू उद्या माझ्यासोबत विमानात. पण वर थाळी नको, काटाच बघायचा."

दुसऱ्या दिवशी ढगात शिरताच माझं अंग ओरडून सांगू लागलं की आपण डावीकडे कललो. काटा मधोमध होता. मी दांडा हलवला नाही. हा डबा नव्हता. विमान उडत होतं.