फ्लेवियाची रिकामी डबी

डबी उघडली आणि फ्लेवियाच्या काळजात धस्स झालं. आत कम्युनियन नव्हतं.

खाटेवरच्या जॉनीने तोंड उघडलेलं, तेही तसंच राहिलं. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती. अशा आजारी माणसांसाठी फादर चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की कम्युनियन, म्हणजे येशूचं शरीर मानलेली पवित्र भाकर, डबीत घालून फ्लेवियाच्या गळ्यात अडकवायचे, आणि ती घरोघर जाऊन द्यायची. शेवटचं घर जॉनीचं.

डबी गळ्यात असली की फ्लेविया कुणाशी बोलायची नाही आणि तिला कुणी हाक मारायची नाही. प्रत्यक्ष येशू गल्लीतून चाललाय, त्याच्यासमोर कसल्या गप्पा ठोकता? हा नियम तिचाच, आणि अख्ख्या कांजूर गावठाणात तो मोडायची छाती कुणाची नव्हती. असणार तरी कशी? निम्म्या गावठाणाला क्रूसाची खूण करायला तिनेच शिकवलेलं. पाणी तुंबलं की खिचडीचं पातेलं तिचं, पोरांना पोलिओचे डोस पाजायला दारोदार ती, कुणी गेलं की शेवटची अंघोळ घालायलाही तीच. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, वेळ कुठाय रे बाबा! आता ऐंशी उलटली, तरी बसायचं नाव नाही.

आणि आज डबी रिकामी. मोत माउली, येशूच्या आई, सांभाळ गं! रस्त्यात पडलं की काय? कुणाच्या चपलेखाली आलं असेल? कुत्र्याने...? पुढचा विचार तिला करवेना.

आपण कुठे कुठे गेलो ते ती आठवू लागली. आधी आजारी पेट्रिशियाकडे. मग? मग काहीच नाही, नुसता अंधार. आता मात्र तिला दरदरून घाम फुटला. तिची आई शेवटी शेवटी तिलाच विचारायची, "बाई, तू कुणाची गं?" तेव्हापासून फ्लेवियाला मरणाची नाही, या एकाच गोष्टीची भीती. फादरना कळलं तर हे काम जाईल, आणि काम गेलं की आपण गेलोच, असं तिला वाटायचं.

गुडघे टेकून ती खाटेखाली हात फिरवू लागली. जॉनीची सून लविना स्वयंपाकघरातून आली.

"तिथेच थांब! पाय टाकू नकोस! कम्युनियन पडलंय गं माझ्या हातून!"

लविना उंबऱ्यातच थबकली. तिने सासऱ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "मावशी, पडलं नाही. तुम्ही मघाशीच दिलंत ना पप्पांना. देऊन गेलात आणि थोड्या वेळाने परत येताना दिसलात. गळ्यात डबी होती, म्हणून मी हाक नाही मारली."

पडलं नाही! फ्लेवियाने सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावरच अडकला. परत आले? मी?

"पहिल्यांदाच झालं ना गं असं?"

जॉनीच जड जिभेने म्हणाला, "गेल्या रविवारी पण तू अशीच शोधत होतीस."

फ्लेविया खाटेची कडा धरून खाली बसली. तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मग मी काय म्हटलं?"

"म्हणालीस, फादरना आजच सांगते." जॉनीचे डोळे भरले. "सांगितलं नाहीस. मी पण लविनाला गप्प बसवलं, आणि आज परत आलीस तेव्हा मुकाट तोंड उघडलं. तुझं येणं बंद झालं तर माझ्याकडे येतं कोण, फ्लेविया? नको ना सांगूस. यार, कुणाला कळतंय?"

तिला ते हवंच होतं. गप्प बसावं, घरी जावं, पुढच्या रविवारी पुन्हा डबी गळ्यात घालावी. पण उद्या खरंच वाटेत पडलं तर? आणि कुणी सांगायलाही नसलं तर? तिने हात एकमेकांत घट्ट धरले.

"लविना, मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "फादरना फोन लाव. आत्ता. मला आठवतंय तोवर."

जॉनीने तोंड भिंतीकडे वळवलं. लविनाने फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून आवाज येताच फ्लेविया घाईघाईने बोलू लागली.