सहा खंडांचा शब्द

१९५८च्या उन्हाळ्यात लकव्याने पंजाबरावांचे तोंड वाकडे झाले. हातपाय शाबूत राहिले. गेली ती वाणी. अमरावतीच्या एका खासगी शाळेत मॅट्रिकला इंग्रजी गद्य शिकवणाऱ्या माणसाची वाणी जाणे म्हणजे नोकरी जाणे. दिवाळीनंतर रजा संपणार होती. ते वर्गात बोलू शकतात की नाही, हे हेडमास्तर महादेवराव स्वतः ऐकून ठरवणार होते.

ओठ नीट मिटत नसल्यामुळे ‘पाणी’चे ‘आणी’ होई. तरीही पंजाबरावांनी सरावाला शब्द निवडला तो ‘रिस्पॉन्सिबिलिटी’. पत्नी जमुनाबाई समोर बसत आणि एकेक खंड म्हणवून घेत: रि, स्पॉन्, सि, बि, लि, टी.

अकोल्याहून भेटीला आलेला धाकटा भाऊ खुशालराव हे ऐकून चिडला.

“वैनी, भाऊले पानी मांगता येत नाही अन् तुमी इंग्रजी झाडून राहिल्या? आधी तुमचं नाव तं घ्या म्हना!”

“माह्या नावानं पगार येते का, भावजी? तुमच्या तोंडाले तं लकवा नाही. म्हना पाहू तुमी.”

“रिसपान... रिसबिल... जाऊ द्या ना बाप्पा!”

पंजाबराव हसले, हसूही एकाच बाजूने आले. मग पाटी घेऊन त्यांनी रीतसर प्रतिवाद लिहिला: मूळ क्रियापद ‘रिस्पॉण्ड’, म्हणजे उत्तर देणे; त्यास क्षमतेचा प्रत्यय, त्यावर भाववाचक. ‘प’साठी ओठ एकदा मिटतात, ‘ब’साठी पुन्हा, आणि शब्दाचा मुख्य आघात नेमका त्या ‘बि’वर आहे. व्यायामास याहून योग्य शब्द सुचव.

खुशालरावाने पाटी वाचली. “आजारी पडला, पन वाद नाही सुटला,” तो म्हणाला आणि जमुनाबाईंच्या शेजारी बसून तोही खंड म्हणवून घेऊ लागला.

दिवाळीनंतर रिकाम्या वर्गात महादेवरावांसमोर पंजाबरावांनी सहाही खंड स्वच्छ उच्चारले.

“आता एका दमात म्हणा.”

‘स्पॉन्’पर्यंत शब्द धड आला, पुढे ‘बि’ ओठांतून निसटला. दुसऱ्यांदाही निसटला.

“पंजाबराव, मॅट्रिकचे गद्य असे वाचून चालायचे नाही. पाचवी घ्या. तिथे शब्द फोडूनच शिकवावे लागतात.”

पंजाबरावांनी अडखळत, थांबत, पण एकही मुद्दा न सोडता पाऊण तास युक्तिवाद केला. महादेवरावांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

“इतके बोललात, त्याअर्थी नोकरी राहील,” ते म्हणाले. “पण वर्ग पाचवीचाच.”

सोमवारपासून पंजाबराव पाचवीवर जाऊ लागले. मॅट्रिकचे गद्य एका तरुण मास्तरांकडे गेले.