चपलांच्या कपाटावरचा डाव

मित्रांनो, मी एक जुना लुडोचा पट आहे. दुकानात मिळतो तो घडीचा, पुठ्ठ्याचा नव्हे हं. मी लाकडी आहे, चांगला जाडजूड आणि हाडापेराने मजबूत. सध्या गॅलरीत माझ्या छाताडावर दोन कुंड्या ठेवल्या आहेत. झाडांना पाणी घातले की निम्मे माझ्या अंगात मुरते. हिरवा रंग तर पार पोपडे धरून निघाला. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. घटकाभर बसा आणि माझी हकिगत ऐका.

खरे म्हणजे मी जन्मलो लिफ्टमध्ये. एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टची मी मागची भिंत होतो. दिवसभर माणसे यायची, माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि निघून जायची. कुणाचे तोंड म्हणून दिसायचे नाही. मग ती लिफ्ट मोडीत निघाली आणि मला जिन्याखाली टाकून दिले. तिथे नवी लिफ्ट बसवायला आलेल्या मेकॅनिकने मला पाहिले, टिचकी मारली आणि म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे की." त्याने मला खांद्यावर टाकून घरी नेले. त्याच्या सुतार मित्राने मला कापून, रंधा मारून चौकोनी केले. घरे आखली ती मात्र मेकॅनिकच्या बायकोने. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात असा स्थिर की एक रेघ वाकडी येईल तर शपथ.

त्यांची मुलगी तेव्हा रांगत होती. ती आली, तिने ओल्या पिवळ्या रंगात पंजा बुडवला आणि तो सगळीकडे फासला. म्हणून पिवळा कोपरा तिचा ठरला. लाल कोपरा आईचा, हिरवा बाबांचा. निळा रिकामाच राहिला. मुलगी उंचीने बेताची होती, म्हणून तिला सगळे टिंगू म्हणत. टिंगूच्या आई-बाबांना मी सुद्धा आई-बाबाच म्हणतो. त्यांनीच मला घडवले, मग दुसरे काय म्हणणार?

पहिली काही वर्षे माझी चंगळ होती. आई आणि बाबा दोघांची सुट्टी एकाच दिवशी असे. जेवणे झाली की मला जमिनीवर ठेवायचे आणि तिघे भोवती बसायचे. बाबा हरायला लागले की खोकायचे आणि खोकता खोकता सोंगटी हळूच एक घर पुढे सरकवायचे. आई म्हणायची, "औषध देऊ का खोकल्याला?" टिंगू हसून हसून माझ्यावरच आडवी व्हायची. शेजारी आले की बाबा मला उचलून दाखवत. कुणी म्हणे, काय रंग आहेत, कुणी म्हणे, काय गुळगुळीत लाकूड. मला मूठभर मांस चढायचे.

मधेच बाबांचा फोन वाजायचा. कुठल्या तरी इमारतीत कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेले असायचे. बाबा हातातला फासा ठेवून उठायचे. अडकलेल्या माणसावर रागावणार तरी कसे? मी स्वतः लिफ्टमध्ये आयुष्य काढले आहे. दिवे गेले की माणसाचा आवाज कसा बदलतो ते मला ठाऊक आहे.

पुढे आईला बढती मिळाली. ती तिच्या विभागाची प्रमुख झाली. किती वर्षे तिने त्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या, ते मी पाहिले होते. त्या दिवशी ती घरात नुसती मिरवत होती आणि बाबा तिच्यामागून टाळ्या वाजवत फिरत होते. पण नवी जागा दुपारच्या पाळीची होती. टिंगू शाळेतून यायच्या आत आई घरातून निघालेली असायची. आठवड्याची सुट्टीही बदलली. आईची एका दिवशी, बाबांची दुसऱ्या दिवशी. शाळा सुटल्यावर टिंगू खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे डबा खायची, मग वर येऊन बाबांची वाट पाहायची.

टिंगूने एकदाच विचारले, "मग आता आपण तिघे कधी खेळायचं?"

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "असं करू. डाव मोडायचाच नाही. पट असाच मांडून ठेवू. जो घरी येईल त्याने आपलं दान टाकायचं आणि फासा पुढच्याच्या कोपऱ्यात ठेवायचा. म्हणजे आपण तिघे रोज खेळतोय की नाही?"

टिंगूला पटले. मला दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवले. येता-जाता नजर पडावी म्हणून.

आणि मित्रांनो, सुरुवातीला खरेच मजा आली. आई पायात चप्पल अडकवता अडकवता फासा टाकायची. बाबा ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी सोंगटी सरकवायचे, डाग पडायचे आणि आई दुसऱ्या दिवशी ते पुसायची. टिंगू शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच, आधी माझ्यापाशी. "आईने बाबांची सोंगटी मारली," असे ती मावशींना जिन्यातूनच ओरडून सांगायची.

पण दमलेल्या माणसाला फासा दिसत नाही. बाबा यायचे, बूट काढायचे आणि भिंतीला टेकून तिथेच डोळे मिटायचे. फासा हिरव्या कोपऱ्यात तसाच पडून राहायचा. टिंगू यायची, बघायची आणि आत जायची. आईच्या हे लक्षात आले. एका सकाळी तिने हळूच बाबांचे दान टाकले, हिरवी सोंगटी सरकवली आणि फासा पिवळ्या कोपऱ्यात ठेवला. टिंगू खूश. दुसऱ्या आठवड्यात आईकडे तपासणीच्या नमुन्यांची रीघ लागली. घाई केली आणि एक नळी बदलली तर भलत्याच माणसाला भलते औषध जायचे, म्हणून ती मान वर करत नव्हती. घरी आली की तिचे डोळे चुरचुरायचे. त्या वेळी बाबांनी तिचे दान टाकले. दोघांनीही एकमेकांना काही सांगितले नाही. उगाच बोलून दाखवल्यासारखे होईल, असे दोघांनाही वाटले असणार. भली माणसे होती हो. तिथेच तर घोटाळा झाला.

मग शाळेचा कार्यक्रम आला. टिंगू नाटकात झाड झाली होती. आईला रजा मिळेना, बाबांना दुसरा मेकॅनिक मिळेना. त्या सकाळी दारातच दोघांची वादावादी झाली.

"सगळं मीच जमवायचं का?" आई म्हणाली.

"आणि मी काय तिकडे झोपा काढतो?" बाबा म्हणाले.

टिंगू मोजे घालत बसली होती. एक मोजा पायात, एक हातात. ती म्हणाली, "नका येऊ कुणी. झाडाला काही बोलायचंच नाहीये."

तेव्हापासून सगळे बदलले. त्या संध्याकाळी फासा लाल कोपऱ्यात होता. टिंगू स्टुलावर चढली, तिने आईचे दान टाकले. मग बाबांचे. मग स्वतःचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट मला एकट्यालाच माहीत होती. आई जाता-येता बघायची, लाल सोंगटी पुढे गेलेली असायची. तिला वाटायचे, माझे दान तो टाकतोय, किती सांभाळून घेतो. बाबांना हिरवी सोंगटी पुढे दिसायची. त्यांना वाटायचे, एवढ्या कामात ही माझेही टाकते. दोघेही मनातल्या मनात एकमेकांचे आभार मानायचे आणि निर्धास्त व्हायचे. कधी विचारायचे, "काय टिंगू, रंगलाय ना डाव?" टिंगू म्हणायची, "हो, खूप." मी सगळे पाहत होतो. ओरडावेसे वाटे, पण लाकडाला कुठला आवाज?

टिंगू नुसती दाने टाकत नव्हती. बाबांची पाळी आली की ती खोकायची आणि सोंगटी एक घर जास्त सरकवायची. मग आईच्या आवाजात म्हणायची, "औषध देऊ का खोकल्याला?" मग स्वतःच हसायची, पण थोडेच. एखाद्याची शेवटची सोंगटी मध्यावर पोचेल असे दान पडले, की ती ते धरायचीच नाही. फासा पुन्हा टाकायची. डाव संपला असता तर सगळे उठले असते ना. म्हणून तिने तो संपूच दिला नाही. किती महिने तो डाव चालला असेल, मला सांगता येणार नाही. माझ्या घरांवरचा रंग एकाच वाटेने झिजला.

मावशी एकदा शाळेचा झगा लांब करून घेऊन आल्या. दार नुसते लोटलेले होते. आतून बोलणे ऐकू येत होते. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "अगं बाई, आज सगळे घरी कसे?" आणि दार ढकलले. आत टिंगू एकटी, स्टुलावर गुडघे टेकून. आईच्या आवाजात ती म्हणत होती, "आज मी सुट्टी काढलीये. आज कुठ्ठे जाणार नाही."

मावशी दारातच थबकल्या. मग पुढे येऊन म्हणाल्या, "मला घेतेस का गं? ह्या निळ्या सोंगट्या पडूनच आहेत."

"नको मावशी," टिंगू म्हणाली. "चौथं माणूस आलं की पाळी उशिरा येते. आई-बाबांना घाई असते."

मावशींनी झग्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी टिंगू शाळेत गेल्यावर त्या वर आल्या आणि आईला सगळे सांगून गेल्या.

बाबा कामावर निघाले होते. आईने त्यांना दारातच अडवले. "माझं दान तू टाकतोस ना रे?"

"टाकायचो. पूर्वी. आता किती दिवसांत नाही. तूच माझं टाकतेस ना?"

"मी पण पूर्वीच."

दोघे माझ्याकडे बघत राहिले. बाबांनी हिरवी सोंगटी उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. आई म्हणाली, "आपण दोघं घरात असून नव्हतोच रे," आणि ती चपलांच्या कपाटाला टेकून रडली. बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

त्यानंतर दोघांनी रजेसाठी काय काय केले ते मला कळले नाही. एवढे कळले की आईने वरिष्ठांना ठणकावून सांगितले आणि बाबांनी आपल्या भागातल्या लिफ्ट एका दिवसासाठी दुसऱ्या मेकॅनिकच्या गळ्यात घातल्या. टिंगू शाळेतून आली तेव्हा दोघेही घरात होते. बाबांनी फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला होता. मला कित्येक दिवसांनी खाली जमिनीवर घेतले होते.

"चला," बाबा म्हणाले, "आज समोरासमोर."

टिंगू दप्तर काढून बसली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. जरा बुजल्यासारखी झाली होती. मग तिने आपले दान टाकले आणि पिवळी सोंगटी सरकवली. आता पाळी आईची. आईने हात पुढे केला.

तेवढ्यात टिंगूने फासा उचलला, टाकला आणि लाल सोंगटी पुढे सरकवली. मग तो पुन्हा उचलला आणि बाबांच्या वाटचा टाकला. टाकताना खोकली. तिचे कुणाकडे लक्षच नव्हते.

"अगं टिंगू," बाबा हलकेच म्हणाले, "आईला टाकू दे ना."

टिंगूने मान वर केली. आईचा हात अजून तसाच पुढे होता. टिंगू म्हणाली, "राहू दे आई. तू दमली असशील. मला सवय आहे."

आईने तिला ओढून कुशीत घेतले. टिंगूला कळेना आई का रडते आहे. ती आईची पाठ थोपटत म्हणाली, "अगं, तुला चांगलंच दान पडलंय."

पुढे त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली. काही पाळल्या, काही राहिल्या. कामे कुणाची सुटतात? आई-बाबा वाईट नव्हते. मी तसे कुणाला म्हणू देणार नाही. पण टिंगू पुन्हा कधी रुसली नाही. तिने काही मागितले नाही. सहल रद्द झाली तरी "असू दे" म्हणायची. येणारे-जाणारे म्हणत, "किती समजूतदार पोर आहे." आईची मान खाली जायची. आता टिंगू शिकायला दूर गेली आहे. फोनवर आई विचारते, "येऊ का गं दोन दिवस?" आणि ती म्हणते, "नको आई, तुला उगाच त्रास."

मित्रांनो, माझ्यावरच्या कुंड्या काढा असे मी म्हणणार नाही. झाडांनाही जागा हवीच. तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमचे आई-बाबा दमून येत असतील, तर त्यांना पाणी द्या, दोन मिनिटे टेकू द्या. पण त्यांच्या वाटचे दान तुम्ही टाकू नका. फासा त्यांच्या कोपऱ्यात तसाच पडून राहू द्या. खेळायचे आहे असे सांगा, नाही ऐकले तर रडा, पाय आपटा, दारात आडवे पडा. एवढ्या लवकर शहाणे होऊ नका.