मुकादमाचे दहा दिवस

आमचा कुत्रा मुकादम, याला नवव्या दिवशी वाघाने नेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर लपवाछपवीचा आरोप करायला नको. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मुकादम आमच्या ओटीच्या खांबाला बांधलेला आहे, त्याच्यापुढे सुकट कालवलेला भात आहे आणि तो खातो आहे. मीही तसंच धरून चालतो. मला सवय आहे.

नाव मीच ठेवलं होतं. ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप लांबला आणि मी मुंबईहून कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत परत आलो. तेव्हा हे कुत्रं बांधावर सावलीत पडून आम्हाला कामं करताना बघत असे. मधूनच एक डोळा उघडून कोण बसलंय ते पाही. गिरणीत आमच्या खात्याचा मुकादम नेमका असाच होता.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, कापणी भरात असताना, आई डोक्यावर भारा घेऊन खळ्यावर आली. मुकादम मधोमध पसरलेला. एरवी ढकललं की झोपेतच सरकायचा. त्या दिवशी आईने वाकून हाताने सरकवला, तर त्याने तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. मग स्वतःच दचकला आणि फणसाखाली जाऊन बसला, पंगतीत चुकून दुसऱ्याच्या ताटात हात गेल्यासारखा.

आठवड्यापूर्वीच खालच्या गावात लोकांनी एक पिसाळलेलं कुत्रं मारलं होतं. मरण्याआधी ते कुठे कुठे हिंडलं, हे अर्थातच कुणी त्याला विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साबणाने धुवायला लावली आणि सांगितलं, पोटात चौदा सुया, रोज एक, आजपासून.

"चौदा दिवस? नि भात कोण कापील?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे की."

"ह्याने कापलेली पात बघा येऊन एकदा, सायेब. उंदरांनी खाल्ल्यावानी दिसते."

डॉक्टरांनी बरंच समजावलं. आईने बरंच ऐकून घेतलं आणि पदर खोचून उठली. शेवटी ते मला म्हणाले, "निदान कुत्रा बांधा. दहा दिवस नीट खातपीत राहिला तर घाबरायचं कारण नाही. पण खाणं सोडलं, मेला, हरवला, काहीही झालं तरी त्याच दिवशी हिला घेऊन यायचं. त्याच दिवशी."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी वाडीत पहिला.

त्या दिवसापासून मुकादमाचं नशीब उघडलं. वाडीत माणूस आजारी पडला तरी एवढी चौकशी होत नाही. बनुबाईने अंडं आणून दिलं, जे तिने घरच्या बाळंतीण सुनेलाही दिलं नव्हतं. शेजारचे येसाजी तात्या शेतावर जाताना त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि विचारत, "काय मुकादम, बरा हायस ना?" त्याने शेपूट हलवलं की ती बातमी एका शेतातून दुसऱ्या शेतात हाकारत वरपर्यंत जायची, "हलवलान गो रखमे, हलवलान." रखमा म्हणजे माझी आई. ती नुसती विळ्याची मूठ वर करायची.

माझं काम पहाऱ्याचं. कापणीतून सुटलो म्हणून मी खूश आणि माझ्यापासून सुटले म्हणून कापणारे खूश. संध्याकाळी आई शेतावरून आली की ओटीवर चढायच्या आधी विचारायची, "खाल्लान काय रे?"

"खाल्लान."

मग ती पाणी प्यायची. त्याआधी नाही.

चौथ्या दिवशी मला कंटाळा आला. मी धावत शेतावर गेलो आणि ओरडलो, "आये, मुकादम मेला." जरा थांबून "आळसानं" असं म्हणायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं. आईने विळा खाली ठेवला. अगदी बेताने, पातं आत करून, परत उचलायचा नसल्यासारखा. आणि ती कापलेल्या भाताच्या धसांवर बसली. रडली नाही. म्हणाली, "तात्यांनू, ह्याच्या लग्नाचं तेवढं बघा."

थट्टा होती म्हटल्यावर तात्यांनी मला ढेकूळ फेकून मारलं, ते लागलं. आई मात्र एवढंच म्हणाली, "मुरारी, माझी आण हाय तुला. आता ह्या कुत्र्याचं वायट माझ्या कानावर घालू नको."

मी मान हलवली.

आठव्या दिवशी मुकादमाने अंड्याचा वास घेतला आणि पायांवर डोकं ठेवलं. मी मनाशी म्हटलं, आठ दिवस अंडी आणि सुकट. गिरणीतल्या मुकादमालाही अपचन झालं असतं. शिवाय शेताच्या दोनच पाती उरल्या होत्या आणि वर ढग धरले होते.

"खाल्लान काय रे?"

"खाल्लान. वाटीबी चाटलान."

वाटीचं माझ्या पदरचं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

आई पाणी प्यायली.

नवव्या दिवशी त्याने पाण्याकडेही पाहिलं नाही. मी वाटी पुढे सरकवली तशी त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवेलागणीला पाणंदीतून बायकांचे आवाज येऊ लागले. ताट तसंच भरलेलं. आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते उचललं, घरामागे गेलो आणि म्हशीच्या डोणीत उलटं केलं. तेवढाच वेळ मी जागेवर नव्हतो. परत आलो तर खांबाला दोरी होती, तुटलेली. ओटीच्या पायरीवर रक्ताचे चार थेंब. कुत्रं भुंकलंसुद्धा नव्हतं. वईच्या कुंपणापलीकडे पाचोळा वाजत वर रानात गेला आणि मग वाजायचा थांबला.

सगळे कंदील घेऊन आले. मातीत बिबट्याचं पाऊल उमटलेलं होतं. आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. आईने खांब धरला. तेवढ्यात येसाजी तात्यांनी पाऊल नीट पाहिलं, उठले आणि निकाल दिला, "रखमे, सुटलीस गो. वाघ रोगी जनावराला तोंड लावत नाय. कुत्रा चांगला होता म्हणून नेलान."

हे सगळ्यांना एकदम पटलं. बनुबाई म्हणाली, वाघ डॉक्टरपेक्षा बरा, रांगेत बसवत नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदा आई हसली.

म्हणून मी खरं सांगून टाकलं. दोन दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं, आज पाणीही नाही, अन्न डोणीत आहे, येऊन बघा. सगळे माझ्यामागे कंदील घेऊन आले. म्हशीने डोण चाटूनपुसून साफ केली होती.

"पुरे रे तुझी थट्टा," आई म्हणाली. "एकदा बसले मी खाली. आता नाय बसायची."

सकाळी ती शेतावर गेली. मी एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "उचलून आणा तिला." मी येऊन तसं सांगितलं, तर तात्या हसून हसून खोकले. "म्हणजे डॉक्टरलाबी फसवलंस?"

भात पावसाआधी घरात आलं. दिवाळी झाली. मार्गशीर्ष लागला. परवापासून आईच्या अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या येतात. विळा धरून धरून, म्हणते. विळा खुंटीला लागून महिना झाला. काल संध्याकाळी मी तिला पाण्याचा तांब्या दिला, तर तिने तो भरलेला परत केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "तहान नाय रे," म्हणाली. ओटीवर तात्या होते. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसले नाहीत.

उद्या उजाडताच चौघं मिळून तिला डोलीत घालून खाली नेणार आहोत. तोवर हातात काम नाही, म्हणून हा अर्ज लिहिला.

मे. वन खात्याचे साहेब यांस. अर्जदार मुरारी, आई रखमा, वस्ती कापड्याच्या वरची वाडी, विनंती अर्ज करतो की, आमचा कुत्रा नावे मुकादम यास नवव्या दिवशी आपल्या खात्याच्या वाघाने नेल्यामुळे दहावा दिवस पाहण्याचा राहून गेला. कुत्रा कसा होता हे सदर वाघाखेरीज आता कुणास ठाऊक नाही आणि अर्जदाराच्या शब्दावर वाडीत कुणाचा विश्वास नव्हता, तो योग्यच होता. तरी सदर वाघास रानातून शोधून आणून खांबास बांधावे, त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवावी आणि तो पाणी पितो असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदाराच्या आईच्या नावे, शक्य तर उद्या उजाडायच्या आत, मिळावा ही नम्र विनंती.