आग्रा रोडवरची रांगोळी

मला राग आला की हात गप्प बसत नाहीत. घासलेली भांडी पुन्हा घासते, झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. त्या सकाळी हातात रांगोळीचा डबा होता.

आदल्या दिवशी एका लॉरीने आमच्या मृणालचा जेवणाचा डबा चिरडला होता. पोरगी वीतभराने वाचली. तेव्हा भांडुपला आग्रा रोडच्या अलीकडे आमची घरं आणि पलीकडे शाळा. मधून खाणीतली खडी भरून लॉऱ्या सुसाट सुटायच्या, आणि पोरी मिळेल तिथून धावत पलीकडे जायच्या. मी मागे एकदा कचेरीत तक्रार घेऊन गेले होते. साहेबांनी विचारलं, "कुणी दगावलंय का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग बघू." मेल्याची जीभ कशी झडली नाही!

तो चेपलेला डबा बघून आमचे मार्तंडराव पांढरेफटक पडले. "उद्यापासून शाळा बंद," म्हणाले. "घरी बसून शिवण शिकू दे."

"अहो, सातवीची फायनल तोंडावर आलीय!"

"बुडाली तर बुडू दे. मला पोरगी हवी."

भीती मलाही होतीच. पण मी चौथीतून शाळा सुटलेली बाई. पोरीचंही तेच होणार म्हटल्यावर मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. एकदा फायनल बुडाली की पुढे कोण पाठवतंय शाळेत! मृणाल भिंतीकडे तोंड करून रडत होती, जेवलीसुद्धा नाही.

सकाळी दारात रांगोळी घालायला बसले, पण लक्ष सगळं रस्त्याकडे. उठले आणि डबा घेऊन तशीच रस्त्यावर गेले. म्हटलं, निदान एक जागा आखून देऊ, सगळ्या पोरी मिळून तिथूनच जातील. रस्ता मोकळा बघून या कडेपासून त्या कडेपर्यंत मुठीमुठीने दोन जाड पट्टे ओढले. मग लक्षात आलं, हळदकुंकू राहिलं! नुसती पांढरी रांगोळी म्हणजे अपशकुन, आणि तोही पोरींच्या वाटेवर. पळत घरी जाऊन करंडा आणला आणि पट्ट्यांवर चिमूट चिमूट हळदकुंकू घालत गेले.

शाळेच्या वेळेला मी आसपासच्या पोरी गोळा केल्या. मृणालही दप्तर घेऊन आली. तिच्या मागोमाग हे.

"काय चालवलंयस हे? मृणाल, घरी चल!"

तेवढ्यात खडीची लॉरी आली. मी पोरींना मागे ओढलं. आणि काय सांगू, लॉरी रांगोळीच्या अलीकडे करकचून थांबली! ड्रायव्हर खाली उतरला, वहाणा काढून हात जोडून उभा राहिला. त्याच्या मागच्या लॉऱ्याही थांबल्या.

"वयनीनू, पालखी खंय पावली?"

"कसली पालखी?"

"शिमग्याची! रस्त्यार हळदकुंकू घातलेली रांगोळी म्हणजे देवीची पालखी येतली ना?"

होळी नुकतीच झाली होती आणि हा कोकणातला. धाकू त्याचं नाव, ते मागाहून कळलं. आता हसू की रडू? खोटं माझ्याने बोलवेना, आणि खरं सांगितलं तर लॉरी सुटणार. मी मृणालचा हात धरून दोन पट्ट्यांच्या मध्ये पाऊल टाकलं.

"ही बघा, आली! आमच्या घरची देवी हीच. काल अशाच एका लॉरीखाली जात होती. चला गं पोरींनो, सावकाश."

आता हा शिव्या घालणार, असं मला वाटलं. पण त्याने हात खाली घेतले नाहीत. मागून कुणी भोंगा वाजवला तर उलट त्याच्यावरच ओरडला, "वाजवू नको रे! चेडवां जातत!" मग मला म्हणाला, "माजी पण दोन चेडवां गावाक शाळेत जातत. नदीतसून. पूल, साकव कायच नाय थंय. खाणीर सगळ्यांक सांगतंय मी. तुमी रांगोळी मात्र घाला हां रोज."

त्याने शब्द पाळला. काही मेले तशीच रांगोळी तुडवत जायचे, मी त्यांच्या नावाने बोटं मोडायची. पण बहुतेक जण थांबायचे. पुढे कचेरीनेही त्याच जागी पांढरे पट्टे मारले आणि पोलीस उभा केला. पण ते सगळं नंतरचं.

त्या घटकेला बाकीच्या पोरी पलीकडे पोचल्या होत्या आणि आमची बया माझा हात सोडून भर रस्त्यात थांबली होती. मागे वळून बापाकडे बघत.

"अण्णा, जाऊ?"

हे कडेला उभे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लॉऱ्यांची रांग उभी, ड्रायव्हर मंडळी उभी, कुणी हलत नव्हतं. शेवटी हे खेकसले.

"अगं जा की! त्यांना किती वेळ खोळंबवून ठेवशील?"