गोठलेल्या तेलाची राखण

मी खोबरेल तेलाची बाटली बोलतेय. आवाज जरा जड वाटेल, सांभाळून घ्या. थंडी पडली की माझ्या पोटातलं तेल गोठतं आणि मग बोलणंसुद्धा नकोसं होतं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते क्रांती चौकाजवळचं दुकान आणि मला हलवून बघणारी सुलेखा. पहिलं तेल संपलं तरी तिनं मला टाकलं नाही. घाण्यावरचं तेल आणून पुन्हा पुन्हा भरलं. रोज संध्याकाळी ती पाय पसरून बसायची, केसांना तेल चोळायची आणि कमरेखाली जाणारी वेणी घालायची. "हिच्या केसांनाच अर्धी बाटली लागती," असं शेजारणी म्हणायच्या. सुलेखाला ते आवडायचं.

मग लेक करुणा नोकरीसाठी पुण्याला गेली. उन्हाळा, पावसाळा कसाबसा गेला, पण हिवाळ्यात सुलेखाचं मनच उतरलं. आमच्या घराला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. दुपार कलली की दिवा लावावा लागतो. ती पांघरूण ओढून पडून राहायची. जेवायची आठवण नाही, केस विंचरायचे नाहीत. केसांचा बुचडा तसाच, दिवसेंदिवस. माझ्यावर धूळ साचली.

तिचे यजमान राजेंद्र माणूस चांगला, पण घाईचा. त्यांनी तिला अजिंठ्याला फिरवून आणलं. ती लेणी न बघता पायरीवरच बसून राहिली आणि घरी आल्यावर आणखीच थकून झोपली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज थोडं ऊन घ्या म्हणाले. गोळ्या ती घेत होती. उन्हात जायचा मात्र कंटाळा.

एके दिवशी राजेंद्र स्वतःच तिच्या केसांना तेल लावायला निघाले. मी गोठलेली. त्यांनी मला सरळ उकळत्या पाण्यात बुडवलं. तेल वितळलं, पण मी कमरेत वाकडी झाले.

"बघ, हिला पण तुझ्यासारखी कंबरदुखी झाली," ते हसत म्हणाले.

सुलेखा हसली नाही. "तेल नको. विंचरायचं त्राण नाही माझ्यात. कापूनच टाकते सगळे."

"सुलेखा, अगं केस..."

"रविवारी पार्लरमध्ये घेऊन चला. बस."

राजेंद्रांनी मला पुसून फळीवर ठेवलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या कडूबाई आल्या. "सुलेखे, जरा तेल दे बाई. डोकं लई भणभणायलंय."

सुलेखानं पांघरुणातूनच बोट केलं. कडूबाईंनी मला उलटं धरलं. "हे तर दगड झालंय! चल, गच्चीवर उन्हात ठेवू."

"तुम्हीच ठेवा ना मावशी."

"ठेवीन. पण राखण कोण करंल? परवा कावळ्यानं माझा साबण नेला. ह्या गुडघ्यांनी मी कावळ्यामागं पळू व्हय?"

सुलेखा उठली. शाल गुंडाळून, मला हातात घेऊन, एकेक पायरी चढून वर आली.

आम्ही तिघी उन्हात बसलो. कडूबाई तुरीच्या शेंगा सोलत कावळ्याला शिव्या देत होत्या. 'धीर धर', 'आनंदी राहा' असलं काही त्या बोलल्या नाहीत. माझं तेल आधी कडेनं सुटलं, मधला गोळा हळूहळू विरघळला. सुलेखानं शालीतून हात बाहेर काढले.

कडूबाईंनी आधी आपल्या डोक्याला तेल थापलं आणि न विचारताच तिच्या बुचड्यात हात घातला. "अगं बाई! हे तर चिमणीचं घरटं झालंय."

"म्हणून तर कापायचेत."

"काप की. पण आधी सोडवू. घरट्याला कोण कात्री लावंल?"

त्यांनी कमरेला खोचलेली फणी काढून टोकाकडून सुरुवात केली. "गुंता खालून सोडवावा. वरून ओढला की नुसतं रडू येतं."

तरीही सुलेखा रडली. कडूबाईंचे हात थांबले नाहीत. निम्मे केस मोकळे झाले तेव्हा त्यांनी फणी खाली ठेवली. "आज एवढंच. माझे हात दुखायलेत. उरलेलं उद्या."

"उद्या तर मी कापणार आहे."

"असे निम्मेशिम्मे? लोक म्हणतील, कडूबाईनं काम अर्धं टाकलं. माझी इज्जत हाय का नाय?"

रविवारी राजेंद्रांनी अगदी हळू विचारलं, "जायचं का?"

सुलेखा फळीपाशी आली. मला उचलून म्हणाली, "थांबा जरा. आधी तेल पातळ होऊ द्या."

केस अजून तसेच लांब आहेत. ती पूर्ण बरी झाली, असं मी म्हणणार नाही. काही सकाळी ती मला घेऊन गच्चीवर येते, तोंड धुऊन, विंचरून, कडूबाईंशी भांडूनही जाते. काही सकाळी उठतच नाही. मीही तशीच. दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते. थकवा येतो याचा. पण गोठलं म्हणून माझं तेल खराब झालं, असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या घरात कुणी असं गोठलं असेल, तर एवढंच सांगते. उकळत्या पाण्यात घालू नका. उन्हात न्या आणि शेजारी बसा. गोठलेले तुम्ही स्वतः असाल, तर कुणालातरी सोबत मागा.

आज ती अजून उठलेली नाही. मी फळीवर वाट बघतेय. जिन्यातून हाक आलीय, "सुलेखे, कावळा आलाय गं!"

पांघरूण हललं.