अब्राहमचा सुरा

संग्रहालयात मोठ्यानं बोलायचं नसतं, हे जपानात बारा वर्षं काढलेल्या सदानंदला ठाऊक होतं. हा नियम आपल्यालाही लागू आहे, एवढंच त्याला कधी वाटलं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच चित्रापुढं तो असा उभा राहिला, जणू रंग त्यानंच कालवून दिले होते. वादळी आभाळ, वेदीवर बांधलेला मुलगा आणि सुरा उगारलेला म्हातारा बाप.

"बघ आर्या, अब्राहम! देवानं मुलगा मागितला, यानं दिला. आणि पोरगा? हूं की चूं नाही."

आर्यानं ओठ आवळले. तिला पुढं ओसाकाला चित्रकला शिकायची होती. शाळेच्या शाखा निवडायच्या फॉर्मवर बापानं परस्पर ‘विज्ञान’ लिहून टाकलं होतं. उद्या तो द्यायचा. फक्त पालकाचा, इथं सहीऐवजी चालतो तो नावाचा शिक्का राहिला होता, आणि शिक्का होता कौमुदीच्या पर्समध्ये. घरात हुकूम नवऱ्याचा, शिक्का बायकोचा. पुढं बिघडलं की "शिक्का कोणी मारला?" म्हणायला हा मोकळा. असे किती प्रसंग झाले, ते कौमुदीला तोंडपाठ होते.

पहारेकरी बाईनं अदबीनं वाकून ‘कृपया हळू बोला’ची पाटी पुढं धरली. सदानंद तिच्याहून खाली वाकला आणि त्याच पट्टीत सुरू झाला, "आपल्याकडं हाच चिलया! शंकरानं श्रियाळ राजाकडं—"

"अहो, चिलयाचं डोकं उखळात कोणी कांडलं? राजानं?" कौमुदीनं मध्येच विचारलं.

"चांगुणेनं. आईनं. त्याचं काय?"

"काही नाही. डोळ्यांत पाणी न आणता, वर ओव्या म्हणत. राजा नुसता हो म्हणाला."

"अगं, मुद्दा भक्तीचा आहे!"

"हा म्हातारा बरा. निदान सुरा तरी स्वतः धरलाय."

आर्या फिस्सकन हसली. कौमुदीनं दोघांना बाहेर पायऱ्यांवर नेलं, फॉर्म काढला आणि शिक्का नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"मारा."

"मी? आणि उद्या नाहीच जमलं हिला, तर?"

"तर शिक्का तुम्ही मारला होता."

सदानंदनं ते बोटाएवढं लाकूड उलटसुलट केलं. ऑफिसात टीममधल्या अकरा जणांना घाम फोडणारा माणूस पोरीकडं बघेना. शेवटी म्हणाला, "तूच मार बाई. तुला योग्य वाटेल तसं."

कौमुदीनं ‘विज्ञान’वर दोन रेघा ओढल्या, इथल्या रीतीप्रमाणे खोडल्या जागी शिक्का उमटवला, आणि पेन आर्याच्या हातात दिलं.

"लिही तुझं तू. खाली दुसरा मारते."